धनु राशीतला एम ५४ हा तारकागुच्छ बघा
बटू दीर्घिकांवरच्या एका लेखात त्यांना, म्हणजे आकाशगंगेभोवतीच्या छोट्या दीर्घिकांना, आकाशगंगेचे 'उरलेसुरले तुकडे' म्हटलंय ते मला अजिबात पटलं नाही. अहो १९८३ साली खगोलशास्त्रज्ञ मार्क आरन्सननी ड्रॅको या बटू दीर्घिकेतल्या फक्त तीन कार्बन ताऱ्यांचे (ज्यांच्या वातावरणात कार्बन जास्त असतो) वेग मोजले आणि त्यांच्यात एवढा फरक निघाला की नुसत्या दिसणाऱ्या ताऱ्यांच्या वजनावर ती दीर्घिका टिकूच शकत नाही, म्हणजे आत डार्क मॅटर, न दिसणारं वस्तुमान, खच्चून भरलेलं! आणि रेटिक्युलम २ या दुसऱ्या बटू दीर्घिकेच्या ताऱ्यांत लोह अगदीच कमी, पण युरोपियम हे जड मूलद्रव्य भरपूर, बहुधा न्यूट्रॉन ताऱ्यांच्या (मेलेल्या ताऱ्यांच्या अतिघन गाभ्यांच्या) एकाच टकरीतून आलेलं, म्हणजे तिचा स्वतःचा वेगळा इतिहास आहे.

पाऊस गेला की ऑक्टोबरात आम्ही गोव्यातल्या केरीच्या किनाऱ्यावर दुर्बीण लावतो, काळोख पडल्या पडल्या नैऋत्येला धनु रास, त्यात एम ५४ चा पुसट कापसासारखा ठिपका. तो धनु बटू दीर्घिकेतला आहे हे १९९४ नंतर कळलं. मला तर दरवेळी अंगावर काटा येतो.