आधी तुकडा, मग ऑपरेशन: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

तुमची प्रतिक्रिया लांबलचक आणि रागाने लिहिलेली आहे. मला ती आवडली, कारण तुम्ही लेख शेवटपर्यंत वाचला आहे. स्तनात गाठ लागली तर आधी सुईने तुकडा काढून तपासा आणि पूर्ण रिपोर्ट हातात आल्याशिवाय ऑपरेशनची घाई करू नका, असं मी लिहिलं होतं. यावर तुमचं म्हणणं असं: अशाने बायका घाबरून दिवस काढत बसतील. दोन पॅथॉलॉजिस्टांची, म्हणजे तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासणाऱ्या डॉक्टरांची, मतं वेगळी पडू शकतात हे सांगून मी लोकांचा विश्वास उडवते. आणि 'टाटाच्याच संशोधनात नुसत्या हाताने तपासलं तरी पुरतं असं निघालंय, मग हा रिपोर्टांचा पसारा लॅबवाल्यांच्या पोटापाण्यासाठीच ना?'

टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या संशोधनापासून सुरुवात करते, कारण ते आपल्या मुंबईचं आहे आणि नेमकं तेच उलटं वाचलं जातं. 1998 साली इथल्या वस्त्यांमधल्या 35 ते 64 वयाच्या सुमारे दीड लाख बायका या अभ्यासात घेतल्या. निम्म्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनांची तपासणी केली. वीस वर्षांचे निष्कर्ष 2021 मध्ये 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आले. तपासणी झालेल्या गटात तिसऱ्या-चौथ्या स्टेजला सापडलेल्या कॅन्सरचं प्रमाण 37 टक्के होतं, दुसऱ्या गटात 47. पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत मात्र तसा फायदा दिसला नाही. मोठं काम आहे, आणि मॅमोग्राफीची, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेची यंत्रं गावोगाव पोहोचणं शक्य नसलेल्या देशात तर फारच मोठं. पण त्या आरोग्यसेविका गाठ शोधत होत्या. ती गाठ कसली आहे हे हात सांगत नाही. संशय आला की बाईला पुढच्या तपासण्यांसाठी पाठवायचं, अशीच त्या कामाची आखणी होती. हात जिथे थांबतो तिथून माझं, पॅथॉलॉजिस्टचं, काम सुरू होतं.

उशिराबद्दल तुमची भीती खरी आहे. 2020 च्या एका मोठ्या आढाव्यात स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन चार आठवडे लांबलं की मृत्यूची जोखीम सुमारे 8 टक्क्यांनी वाढते, असं दिसलं. म्हणून 'बघू दिवाळीनंतर' म्हणणाऱ्यांना मीही रागावते. पण तुकडा तपासून ईआर, पीआर (कॅन्सर हार्मोनवर वाढतो का हे सांगणाऱ्या चाचण्या) आणि हर-टू (कॅन्सर वाढवणाऱ्या एका प्रथिनाची चाचणी) यांचे रिपोर्ट यायला लागणारे आठ-दहा दिवस हा उपचारांचाच भाग आहे. गाठ दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी आणि हर-टू पॉझिटिव्ह निघाली, किंवा तिन्ही निगेटिव्ह निघाले, तर बऱ्याचदा आधी केमो देतात आणि ऑपरेशन नंतर. गाठ काढूनच टाकली तर औषधाने ती किती विरघळते हे पाहायची संधी गेली. शिवाय साधी गाठ समजून काढली आणि कॅन्सर निघाला, तर काढलेल्या भागाच्या कडा कॅन्सरपासून मोकळ्या नसतात, काखेतल्या ग्रंथींचा विचार झालेला नसतो आणि बाईला पुन्हा टेबलावर जावं लागतं. सुई टोचल्याने कॅन्सर पसरतो ही भीती मनातून काढून टाका. तिच्यापायी सुई टाळणाऱ्यांचं नुकसान मात्र मी पाहिलं आहे.

आता जरा फॉर्मॅलिनबद्दल, म्हणजे तुकडा नासू नये म्हणून वापरतात त्या द्रावणाबद्दल, कारण यावर कोणी लिहीतच नाही. शरीरातून काढलेला तुकडा तासाभराच्या आत फॉर्मॅलिनमध्ये पडायला हवा आणि त्यात 6 ते 72 तास राहायला हवा. सकाळी आणलेला बोंबील दुपारपर्यंत ओट्यावर ठेवून बघा, म्हणजे बाहेर राहिलेल्या तुकड्याचं काय होतं ते कळेल. सुईने काढलेला तुकडा बारीक असतो, त्यात फॉर्मॅलिन लगेच मुरतं. अख्खी गाठ मात्र कापून उघडावी लागते, नाहीतर आतला भाग तसाच राहतो. शनिवारी संध्याकाळी एखाद्या छोट्या नर्सिंग होममध्ये गाठ निघते, नुसत्या सलाईनमध्ये किंवा तळाशी चमचाभर फॉर्मॅलिन असलेल्या बाटलीत पडून राहते आणि सोमवारी नातेवाईक ती पिशवीत घालून लोकलने लॅबला आणतात, हे मी कितीदा पाहिलंय. अशा गाठीवर ईआर निगेटिव्ह आला तर तो खरंच निगेटिव्ह की नासलेला? आणि त्या एका शब्दावर पुढची पाच-दहा वर्षं हार्मोनविरोधी गोळ्या द्यायच्या की नाही, हे ठरतं.

तुमच्या वहिनींची गाठ दुसऱ्याच दिवशी काढली आणि त्या ठणठणीत आहेत, हे वाचून बरं वाटलं. त्यांच्या रिपोर्टात या तीन चाचण्या आहेत का, एवढं पाहा. नसतील तर त्या अजूनही लॅबने जपलेल्या ब्लॉकवर, म्हणजे तुकडा बसवलेल्या मेणाच्या ठोकळ्यावर, करता येतात.

मतभेदांचं म्हणाल तर ते मी बंद दाराआड ठेवायचे का? अमेरिकेत 115 पॅथॉलॉजिस्टांना स्तनाच्या बायोप्सीच्या स्लाइड दिल्या आणि त्यांची उत्तरं तज्ज्ञांच्या एकमताशी ताडून पाहिली. 2015 मध्ये ते आकडे छापून आले. पसरणाऱ्या कॅन्सरमध्ये 96 टक्के उत्तरं जुळली. कॅन्सर नळीच्या आतच असलेल्या अवस्थेत, म्हणजे डीसीआयएसमध्ये, 84 टक्के. आणि 'एटिपिया' म्हणतात त्या मधल्या प्रकारात, जिथे पेशी वेगळ्या दिसतात पण कॅन्सर नसतो, फक्त 48. त्या अभ्यासात प्रत्येक केसची एकच स्लाइड होती आणि शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला विचारायची सोय नव्हती. प्रत्यक्षात आम्ही विचारतो, जास्तीचे काप घेतो, वेगळे स्टेन (पेशी रंगवणारी द्रव्यं) लावतो. तरी या आकड्यांचा रोख स्पष्ट आहे. उघड कॅन्सर ओळखताना आम्ही क्वचितच चुकतो. गोंधळ होतो तो अगदी सुरुवातीच्या, मिलिमीटरभराच्या बदलांमध्ये. आणि मॅमोग्राफी जितकी वाढेल तितके असेच तुकडे आमच्याकडे जास्त येणार. म्हणून सरसकट सगळ्यांनी दुसरं मत घ्यावं असं मी लिहिलंच नव्हतं. रिपोर्टात 'एटिपिया' किंवा 'डीसीआयएस' असेल, किंवा हर-टू 'टू प्लस' असेल, तर घ्या. टू प्लस म्हणजे अनिर्णित. तिथे फिश ही हर-टूच्या जनुकाची पुढची चाचणी लागतेच.

यात लॅबवाल्यांचा धंदा किती? थोडा आहे, नाकारत नाही. पण दुसऱ्या मतासाठी पुन्हा सुई टोचायची नसते. पहिल्या लॅबला लेखी अर्ज देऊन स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्यायचे, पोच जपून ठेवायची आणि काम झालं की ब्लॉक परत करायचे. मे महिन्यात ते गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. सोबत मॅमोग्राफीच्या फिल्म आणि रिपोर्ट न्या. फिल्मवर कॅल्शियमचे ठिपके दिसत असतील आणि स्लाइडवर ते कुठेच नसतील, तर सुई भलत्याच जागी गेली असण्याची शक्यता असते. तसं असेल तर पहिला रिपोर्ट 'नॉर्मल' असला तरी तुकडा पुन्हा घ्यावा लागतो.