कॅल्शियम स्कोअर वाढला म्हणून गोळी बंद?

माझ्या ६१ वर्षांच्या मामांनी गेल्या पंधरवड्यात कोलेस्टेरॉलची गोळी डॉक्टरांना न विचारता बंद केली, कारण त्यांच्या भजनी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक संदेश फिरला. त्याचे म्हणणे असे: कॅल्शियम स्कोअर (हृदयाच्या धमन्यांत साठलेल्या कॅल्शियमचा सीटी स्कॅनवरून काढलेला आकडा) शून्य असेल तर १५ वर्षे हृदयविकाराचा झटका येत नाही, स्टॅटिनने, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या या गोळीने, हा स्कोअर वाढतो, म्हणून ती गोळी घातक आहे, आणि लिंबू-लसणाच्या काढ्याने धमन्यांतील कॅल्शियम विरघळते.

यातील दुसरे विधान सर्वांत घातक आहे, आणि चीड येते ती त्यात सत्याचा अंश असल्यामुळे. स्टॅटिनने स्कोअर वाढू शकतो, हे खरे आहे. मात्र धोका असतो तो चरबीने भरलेल्या, पातळ आवरणाच्या मऊ प्लाकपासून, म्हणजे धमनीच्या भिंतीत साठलेल्या थरापासून. ते आवरण फाटले की तेथे रक्ताची गुठळी होते. स्टॅटिन या प्लाकमधील चरबी कमी करून त्याला टणक बनवते, आणि हा स्कोअर कॅल्शियमच्या घनतेवरही मोजला जात असल्याने प्लाक स्थिर होत असतानाच आकडा चढतो. मऊ प्लाक कॅल्शियम स्कोअरच्या साध्या सीटीत मोजलाच जात नाही. त्यासाठी शिरेतून कॉन्ट्रास्ट (धमन्या स्पष्ट दिसाव्यात म्हणून दिलेले औषध) देऊन सीटी अँजिओग्राफी करावी लागते. स्कॉटलंडमधील ‘स्कॉट-हार्ट’ चाचणीच्या २०२० मधील विश्लेषणात, ज्यांच्या धमन्यांत अशा मऊ प्लाकचे प्रमाण ४ टक्क्यांहून अधिक होते, त्यांना झटका येण्याची शक्यता इतरांच्या जवळजवळ पाचपट आढळली. त्याच चाचणीत, छातीत दुखणाऱ्या ४,१४६ रुग्णांपैकी ज्यांची सीटी अँजिओग्राफी झाली, त्या गटात पाच वर्षांत हृद्‌धमनीविकाराने मृत्यू किंवा झटका येण्याचे प्रमाण २.३ टक्के होते, तर नेहमीच्या तपासण्यांवर राहिलेल्या गटात ३.९ टक्के. हा फरक छायाचित्र काढल्याने पडत नाही. प्लाक दिसल्यावर अधिक रुग्णांना प्रतिबंधक औषधे, म्हणजे मुख्यतः मामांनी बंद केलेली हीच गोळी, सुरू झाली, हे त्यामागचे संभाव्य कारण मानले जाते.

शून्य स्कोअरबद्दल थोडे मान्य करावे लागेल. लक्षणे नसलेल्या मध्यमवयीन माणसाला तो खरोखरच दिलासा देतो, आणि त्या आधारे डॉक्टर कधी स्टॅटिन लांबणीवरही टाकतात. पण तरुण वयात, धूम्रपान करणाऱ्यांत किंवा छातीत दुखत असताना शून्यावर विसंबणे धोक्याचे आहे. शिवाय मामांचा स्कोअर मुळात शून्य नव्हताच!

काढ्याने धमनीतील कॅल्शियम विरघळत नाही. मामांनी तो हवा तर प्यावा, पण गोळी घेऊन.