‘कॅम्पसला आयपीव्ही६ कशाला?’ त्या फॉरवर्डला उत्तर

नवी मुंबईतल्या सिस्टीमवाल्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘कॉलेजला आयपीव्ही६ नकोच. खासगी पत्ते ढीगभर आहेत, नॅटमुळे सुरक्षा मिळते, सगळं हार्डवेअर बदलावं लागेल. त्यापेक्षा बंद ठेवलेलं बरं.’ नेरूळच्या एका कॉलेजात नेटवर्क सांभाळतो, म्हणून लिहितोय. आयपीव्ही६ म्हणजे इंटरनेटवरच्या मशीनना पत्ते देण्याची नवी पद्धत; जुनी ती आयपीव्ही४.

पत्ते ढीगभर आहेत, कबूल. १० ने सुरू होणारेच दीड कोटीच्या वर. पण ते गेटाबाहेर चालत नाहीत. बाहेर सार्वजनिक पत्ता लागतो, आणि आयपीव्ही४ च्या अशा पत्त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपला. मग अख्खं हॉस्टेल एका सार्वजनिक पत्त्यामागून बाहेर पडतं; यालाच नॅट म्हणतात. शेवटच्या तारखेला पोरं फॉर्म भरायला बसली की समोरची साइट सगळ्यांनाच रोबो समजते.

नॅट म्हणजे सोसायटीचा इंटरकॉम. फ्लॅटचा नंबर बाहेरून लागत नाही म्हणून कुणी वॉचमन काढून टाकत नाही. वॉचमन म्हणजे फायरवॉल. आतून मागितल्याशिवाय बाहेरचं काही सोडायचं नाही, हा नियम आयपीव्ही६ वरही लावता येतो. आठवणीने लावावा मात्र लागतो.

हार्डवेअर? आधी आपल्या स्विचचं मॅन्युअल उघडा, त्यात आयपीव्ही६ आहे का बघा. दोन्ही पत्ते शेजारी शेजारी चालतात, एका रात्रीत काही उपटायचं नसतं.

‘बंद ठेवा’ हा सल्ला मात्र धोक्याचा. विंडोजमध्ये व्हिस्टापासून आयपीव्ही६ आपोआप चालू असतं, फोनमध्येही. तुम्ही राउटरवर दिलं नाही, एवढंच. लॅबमधल्या एखाद्या लॅपटॉपने ‘मीच राउटर’ अशी हाळी दिली की शेजारची मशीन निमूट विश्वास ठेवतात आणि ट्रॅफिक त्याच्याकडे वळतो. त्यासाठी हॅकरच लागतो असं नाही. चुकून चालू राहिलेलं इंटरनेट शेअरिंगही पुरतं. आपण फक्त आयपीव्ही४ बघत बसलो तर हे दिसतही नाही. स्विचवर आरए गार्ड (अशी खोटी हाळी अडवणारी सोय) लावायचं काम आयपीव्ही६ वापरा किंवा न वापरा, चुकत नाही.

खरी गोची त्या मेसेजमध्ये नाहीच. अँड्रॉइड फोन डीएचसीपीव्ही६ कडून, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरकडून, आपला पत्ता घेत नाहीत, स्वतःच बनवतात आणि बदलत राहतात. मग कुठला पत्ता कुणाचा, हे राउटरच्या नेबर टेबलमधून (कुठला पत्ता कुठल्या मशीनचा याची यादी) सतत टिपून ठेवावं लागतं. लायब्ररीच्या वायफायवर आम्ही सध्या त्यातच अडकलोय.