नाशिकला डेटा सेंटर नको, क्लाउड चालवणारी माणसं हवीत

आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच विषय चाललाय, नाशिकला डेटा सेंटर, म्हणजे कंपन्यांच्या हजारो सर्व्हरची मोठी इमारत, का नाही. जानेवारी २०२५ मध्ये दावोसला अ‍ॅमेझॉनची महाराष्ट्रातली क्लाउडसाठीची (इंटरनेटवरून भाड्याने मिळणारे सर्व्हर) ८.३ अब्ज डॉलरची गुंतवणूक जाहीर झाली तेव्हापासून हे सुरू आहे, सगळं मुंबई-पुण्यालाच जातं, आपल्या पोरांनी कायम हिंजवडीतच रूम शोधायची का वगैरे. राग समजतो मला, मी पण नाशिकच्या सिडकोतलाच, इंजिनीअरिंग झाल्यावर मलाही गावात काम मिळालं नव्हतं. पण मागणी चुकतेय असं मला मनापासून वाटतं, आणि ते आयर्लंडला डब्लिनमध्ये राहून जास्तच वाटतं.

इथे शहराच्या पश्चिमेला ग्रेंज कॅसल म्हणून भाग आहे, मायक्रोसॉफ्ट, गूगल दोघांची सेंटरं तिथे. लांबच लांब राखाडी शेड, खिडक्या जवळपास नाहीतच, कुंपण, कॅमेरे, आणि एवढ्या अवाढव्य बिल्डिंगच्या मानाने पार्किंगमध्ये गाड्या अगदीच थोड्या. बांधकाम चालू असतं तोवर भरपूर माणसं लागतात, नंतर सिक्युरिटी, कूलिंगवाले आणि थोडे टेक्निशियन. वीज मात्र प्रचंड लागते. २०१५ मध्ये आयर्लंडच्या मीटरवरच्या विजेपैकी ५ टक्के डेटा सेंटरला जायची, २०२३ मध्ये २१ टक्के, म्हणजे देशातल्या सगळ्या शहरी घरांपेक्षा जास्त, शेवटी डब्लिनमध्ये नवीन कनेक्शनं जवळपास थांबवावी लागली. नाशिकच्या सातपूर-अंबड एमआयडीसीत लाइट गेली की काय हाल होतात ते ज्यांना माहितीये त्यांनी याचा विचार करावा.

खरं काम त्या शेडमध्ये नसतंच. आमच्या टीमचे सर्व्हर आयर्लंडमध्ये, पण ते सांभाळणारे एक लिस्बनला, एक पुण्यात, दोघं घरून. माझी पहिली नोकरी सर्व्हर रूममधली, डिस्क बदला, बॅकअपच्या टेप बदला, ते काम आता बहुतेक ठिकाणी राहिलेलंच नाही, त्याच्या जागी टेराफॉर्म, कुबरनेटीस अशी दुरून सर्व्हर उभे करायची आणि चालवायची सॉफ्टवेअरं आणि महिन्याचं बिल आटोक्यात ठेवणं आलं. हे नाशिकच्या इंदिरानगरमधल्या फ्लॅटमधूनही होतं. अ‍ॅमेझॉनचं मुंबई रीजन, म्हणजे मुंबईतल्या डेटा सेंटरचा गट, २०१६ पासून चालू आहे, नाशिकच्या पोराला ते वापरायला कोणी अडवलेलं नाही, शिकवणारं कोणी नाही ही अडचण आहे.

आणि गिऱ्हाईक तर दारातच आहे. माझ्या मावसभावाचं अंबडला प्रेस पार्टचं युनिट. वर्षानुवर्षं त्याचा सर्व्हर अकाउंटंटच्या टेबलाखाली, बाजूला यूपीएस, आणि शनिवारी हार्ड डिस्क डब्याच्या पिशवीतून घरी. मग ईआरपी, म्हणजे हिशेब-स्टॉकचं सॉफ्टवेअर, एका व्हेंडरकडून क्लाउडवर नेलं, बॅकअपचं टेन्शन गेलं, सीएला ऑफिसातून सगळं दिसायला लागलं, दादा खूश. दोन वर्षांनी व्हेंडरने भाडं वाढवलं म्हणून सोडायचं ठरवलं तर कळलं की मेन अकाउंट व्हेंडरच्या ईमेलवर, ओटीपी त्याच्याच मोबाइलवर. खूप मागे लागल्यावर डेटा दिला, तो पीडीएफमध्ये! सगळी चलनं, सगळे स्टॉक रजिस्टर, दोन पोरांनी बसून परत टाइप केलं.

इथे युरोपात यासाठी कायदाच झालाय, डेटा ॲक्ट, १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू. क्लाउडवाल्याला ग्राहकाचा डेटा दुसरीकडे नेता येईल असा द्यावा लागतो, आणि जानेवारी २०२७ पासून बदलण्याचे पैसेही घेता येणार नाहीत. आपल्याकडे २०२२ च्या नियमाने कंपन्यांना हिशेबाचा रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर ठेवावा लागतो, ते चांगलंच आहे, पण सर्व्हर भारतात असला म्हणजे चावी आपल्या हातात असते असं नाही. जुलै २०२५ मध्ये नायरा एनर्जीसारख्या रिफायनरी चालवणाऱ्या कंपनीची ईमेल मायक्रोसॉफ्टने युरोपच्या निर्बंधांमुळे बंद केली होती, कंपनी दिल्ली हायकोर्टात गेली, मग सुरू झाली. अंबडचा छोटा युनिटवाला कुठल्या कोर्टात जाणार?

म्हणून मला वाटतं निमा आणि आयमा या नाशिकच्या उद्योजकांच्या संघटनांनी डेटा सेंटरसाठी निवेदनं देण्याआधी सभासदांसाठी एक नमुना करार करावा, मराठीत. मेन अकाउंट मालकाच्या नावावर, ओटीपी मालकाच्या फोनवर, सोडताना डेटा एक्सेलमध्ये किंवा डेटाबेसच्या पूर्ण कॉपीत, आणि महिन्यातून एकदा त्या बॅकअपमधून खरंच सिस्टिम उभी राहते का ते करून बघायचं. हे शेवटचं काम करायला प्रत्येक युनिटला माणूस लागेल, आणि तो नाशिकचाच असू शकतो.