कचरा पुरण्याचं शास्त्र

युरेनियम शोधायला एखादा निर्जन, दृष्ट लागावी असा मुलूख मिळाला आहे तुम्हाला? अभिनंदन. आता खणण्याआधी बुजवायला शिका. खनिज मिळेल न मिळेल, कचरा हमखास मिळतो. भोक पाडताना दगडाचा चुरा वर येतो आणि साधारणपणे दर मीटरच्या चुऱ्याची वेगळी पिशवी भरतात. दोनशे मीटरचं एक भोक म्हणजे दोनशे पिशव्या. प्रयोगशाळेला त्यातला थोडासाच लागतो. उरलेला रीतसर विल्हेवाटीला न्यायचा तर ट्रक, डिझेल, परवाने आणि किरणोत्सार मोजणारा माणूस, एवढा सगळा खटाटोप. पोकलेन मशीन मात्र तिथेच उभं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

दक्षिण ऑस्ट्रेलियात मॅरेथॉन रिसोर्सेस कंपनीने हेच केलं. फ्लिंडर्स पर्वतरांगेच्या उत्तर भागात आर्करूला हे खाजगी अभयारण्य आहे. तिथे पिवळ्या पायांची रॉक वॉलबी (कांगारूची छोटी भावकी) राहते आणि भूमी पूर्वापार तिथल्या मूळनिवासी अ‍ॅडन्यामथन्हा लोकांची. तिथल्या माउंट गीपाशी कंपनीने नमुन्यांच्या हजारो पिशव्या, किंचित किरणोत्सारी चुऱ्यासकट, जमिनीत पुरल्या. २००८च्या सुरुवातीला बोभाटा झाला.

चूक पुरण्यात नव्हती हो, जागा निवडण्यात होती. ज्यांनी १९६८ मध्ये आर्करूला घेऊन जपायला काढलं, ते रेग स्प्रिग स्वतः भूवैज्ञानिक. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात याच डोंगरांत त्यांनी सरकारसाठी युरेनियम धुंडाळलं होतं. अशा घराण्याच्या परसात दगड लपवायला जाऊ नये. तुम्ही आपला एखादा साधा, दगडातलं काही न कळणारा मालक गाठा.

आता सफाई. खरं कसब इथे लागतं. अधिकारी ‘सगळं बाहेर काढा’ म्हणाले की घाबरू नका, हळवे व्हा. ‘साहेब, उकरलं तर जास्तच नुकसान नाही का होणार?’ असं विचारा. पंचाईत अशी की प्रश्न अगदी रास्त आहे. पिशव्या फाटलेल्या असतात, चुरा मातीत मिसळलेला असतो, उकरावं तर धूळ उडते. शिवाय मशीन परत आत न्यायला वाट मोकळी करावी लागते, आणि अशा कोरड्या उतारावर चाकोरी एकदा उमटली की वर्षानुवर्षं बुजत नाही. म्हणजे तुमच्याच खड्ड्याने जमीन इतकी नाजूक झाली की तिला आता कुणी हात लावू नये, हे तुम्हीच डोळ्यांत पाणी आणून सांगायचं! ही कळकळ खड्डा खणताना मात्र दाखवू नका, फार महाग पडते.

तरीही उकरावंच लागलं तर फोटो भरपूर काढा. वर दोन-चार झुडपं लावा, जगली तर जगली.

पुढे काय होतं म्हणता? ड्रिलिंग थांबवलं जातं. मग जरा धूळ बसली की परवान्याला मुदतवाढही मिळते. आर्करूलात मात्र लोक फारच चिकट निघाले. २०११ मध्ये सरकारने तिथे खाणकामाला कायमची बंदी जाहीर केली, २०१२ मध्ये खास कायदाही केला. पण म्हणून तुम्ही हातपाय गाळू नका. त्याच सरकारने कंपनीला ५० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई दिली.

तेव्हा खर्चाची बिलं जपून ठेवा. ती तेवढी पुरू नका.