सरासरीच्या रस्त्यावर कोण राहते?

आमच्या वसाहतीशेजारच्या मोकळ्या जमिनीवर नवी वसाहत उभारण्याचा प्रस्ताव आला की पाठोपाठ वाहतुकीचा अहवाल येतो, आणि त्यात दर वेळी तेच वाक्य असते: ‘रस्त्यावर लक्षणीय परिणाम होणार नाही.’ गाड्या २४ तासांत समान वाटल्या जातील असे धरून काढलेली ही सरासरी आमच्या काय कामाची, जेव्हा शाळा आणि कार्यालये गाठण्यासाठी सगळे सकाळच्या त्याच एका तासात बाहेर पडतात? रस्ता क्षमतेच्या काठावर आला की थोड्याशा जादा गाड्यांनीही खोळंबा कितीतरी पटींनी वाढतो, हे वाहतूकशास्त्रातले अगदी प्राथमिक सत्य आहे. ते आम्ही सांगितले की मात्र आम्ही विकासविरोधी ठरतो. घनतेचा हिशेबही तितकाच चलाख: अंतर्गत रस्ते, बगीचा, ओढ्याकाठची बांधकामास निरुपयोगी पट्टी, सारे क्षेत्रफळात मोजायचे आणि मग घरे विरळ असल्याचे सांगायचे. (घरे लोकांना हवीतच, आम्हीही कधीकाळी येथे नवेच होतो.) पण दोन्ही वसाहतींना मिळून बाहेर पडण्याची वाट एकच असताना ती तुंबली तर अग्निशमन दलाची गाडी आत कशी येणार, या प्रश्नावर प्रत्येक सुनावणीत ‘नोंद घेतली आहे’ एवढेच उत्तर मिळते.