ओट्यावरची आकाशगंगा

आमच्या ओट्याचा कडप्पा पंचवीस वर्षं गपगुमान राबला. त्याच्यावर कुकर आदळले, नारळ फुटले, लिंबं पिळली गेली. लिंबाने तो जागोजागी पांढुरका पडला होता; शेवटी चुनखडीचाच भाऊबंद, आंबट त्याला सोसत नाही. त्याची तक्रार नव्हती, माझीही नव्हती. पण बायको भिशीला एका मैत्रिणीकडे गेली आणि परतली ती ग्रॅनाइटचा जप करतच.

"ओट्यापुरतंच हं," ती म्हणाली. "आणि मागची भिंत. आणि खिडकीची चौकट. उरलंच तर देव्हाऱ्याखाली एक पट्टी."

दुकानात लाद्या पाहुण्यांसारख्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. काश्मीर व्हाइट बघून मी विचारलं, "हा काश्मीरचा?" दुकानदार म्हणाला, "नाही शेठ, तमिळनाडूचा." पलीकडचा लाल कुठला, तर इलकलचा. "म्हणजे इरकली लुगड्यांचं इलकल?" तेच. आजीच्या आठवणीने बायको हळवी झाली, आणि चौरस फुटाचा दर ऐकून मी. शेवटी ठरला ब्लॅक गॅलेक्सी, आंध्रातल्या चिमाकुर्तीचा: काळ्याभोर दगडात सोनेरी ठिपके. ते सोनं नव्हे, ब्रॉन्झाइट नावाचं खनिज, हे मी वाचून गेलो होतो. सांगितलंही. कुणी मान वळवली नाही.

काही लाद्यांना वरून काळा रंग चढवलेला असतो, नेलपॉलिश रिमूव्हरने घासलं की कापसावर उतरतो, हेही मी वाचलं होतं. खिशातून बाटली काढली, घासलं. कापूस काळा! दुकानदार शांतपणे म्हणाला, "शेठ, ती धूळ आहे." फडकं मारून पुन्हा घासलं. कापूस पांढराशुभ्र. बायको घरी येईपर्यंत बोलली नाही. मग म्हणाली, "नवीन बाटली होती."

मिस्त्रीने पहिलाच प्रश्न अवघड विचारला: "साहेब, ओट्याची उंची काय धरू? स्वैपाक कोण करतं?" आई 4 फूट 10 इंच, बायको 5 फूट 5. आईला 31 इंच हवे, बायकोला 35. मी मधला 33 सुचवला. आता आईचे खांदे दुखतात आणि बायकोची कंबर, आणि दोघींचं पहिल्यांदाच एकमत झालंय की चूक माझी आहे.

मग कटर सुरू झाला. सिंकचं भोक, शेगडीची मापं, पुढच्या कडेला गोलाई. कितीही पाणी मारलं तरी तीन दिवस घरभर पांढरी भुकटी. काळ्या दगडातून पांढरी धूळ कशी निघते, याचा मी पोह्यांचा घास कराकरा चावत विचार करत असे.

ओटा झाला मात्र देखणा. दिवा लावला की खरंच आभाळ उतरल्यासारखा. दुसऱ्या दिवशी पहाटे खसाखस आवाजाने जाग आली. आई तारेची घासणी घेऊन भिडली होती. "हळद सांडलीय कुणीतरी. जाता जात नाही." मी ब्रॉन्झाइट समजावला. तिने ऐकून घेतलं आणि घासणीवर आणखी साबण घेतला.

या आभाळाची गंमत अशी की मोहरी सांडली तर दिसत नाही आणि साखरेचा एक दाणा सांडला तर हॉलमधून दिसतो. मुंग्या येतात तेव्हा ठिपके चालू लागल्यासारखे वाटतात. म्हणून, आणि 'नवीन आहे, खराब होईल' म्हणून, आईने त्यावर फुलाफुलांचं प्लास्टिक अंथरलंय. पाहुणे आले की बायको ते गुंडाळते, गेले की आई उलगडते.

सिंकसाठी कापलेला तुकडा मात्र आईने वाया जाऊ दिला नाही. मिस्त्रीला चहा पाजून त्याचा गोल पोळपाट करून घेतला. वजन तीन किलो. त्यामुळे रोज संध्याकाळी कणीक मळून झाली की हाक येते, "अहो, पोळपाट!" मी टीव्ही सोडून जातो, दोन्ही हातांनी तो उचलतो आणि ओट्यावर ठेवणार इतक्यात आई ओरडते,

"अरे थांब! खाली फडकं घाल आधी. ओट्याला चरे पडतील!"